साथ आली तर घरात काय हवं? सामान थोडं, ठरवाठरव जास्त

प्रश्न असा आहे: "धायरीत आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट. घरी सासरे ७४ वर्षांचे, त्यांना मधुमेह आणि बीपी. सासूबाई, आम्ही दोघं नोकरी करणारे, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ३ वर्षांची. सोसायटीत निम्मं पाणी टँकरचं. २०२१ मध्ये आमची फार तारांबळ उडाली होती. पुन्हा तशी साथ आली तर आधीपासून काय घेऊन ठेवावं? ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊनच ठेवू, असं ह्यांचं म्हणणं आहे."

आधी सिलिंडरचा निकाल लावू, कारण त्यात पैसे अडकतील आणि ऐनवेळी ते पुरणार नाही. घरात उभं करता येतं ते मधलं सिलिंडर, ज्याला पुरवठादार 'बी टाइप' म्हणतात, त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. पेशंटला मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर ते ५ तासांत संपतं, १० लिटर लागत असेल तर अडीच तासांत. २०२१ च्या एप्रिलमध्ये ज्यांनी कुठून तरी असं सिलिंडर मिळवलं, त्यांची खरी वणवण ते पहिल्यांदा रिकामं झाल्यावर सुरू झाली. शिवाय ऑक्सिजन स्वतः पेटत नसला तरी आजूबाजूची ठिणगी भडकवतो. ज्या घरात देवापुढे दिवा आणि उदबत्ती आहे, चार पावलांवर गॅसची शेगडी आहे, तिथे ते ठेवणं मला पटत नाही. ज्याला ऑक्सिजन लागतोय त्याची जागा दवाखान्यात. सासऱ्यांना फुप्फुसाचा जुना आजार असेल आणि त्यांच्या डॉक्टरांनी घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) वापरायला सांगितला असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही.

त्या पैशाच्या लहानशा हिश्श्यात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, दोन डिजिटल थर्मामीटर (एक हमखास सापडत नाही), दंडाला बांधायचं बीपीचं मशीन आणि ग्लुकोमीटरच्या भरपूर पट्ट्या येतात. पट्ट्यांची मुदत पाहून घ्या. डबा उघडल्यावर ती आणखी कमी होते.

मी सुरुवातीची काही वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते, पुढे पुण्यात फॅमिली डॉक्टर म्हणून बसले. त्यामुळे तुमच्या प्रश्नातले 'पुन्हा तशी साथ' हे शब्द मला खटकले. साथ मागच्यासारखी येत नाही. पुण्याचंच बघा. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथे झाला, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या आणि मास्क मिळेनात म्हणून लोक रुमाल बांधून फिरू लागले. २०२० मध्ये कोरोना. २०२४ च्या पावसाळ्यात झिका. आणि २०२५ च्या जानेवारीत तुमच्याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत, जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन-बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण. पहिल्या दोन साथी हवेतून, तिसरी डासातून, आणि चौथीचा संशय पाण्यावर. कपाट भरून मास्क ठेवलेल्या घराला जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा काही उपयोग नव्हता. म्हणून मी रोगांच्या नावांनी विचार करत नाही, वाटांनी करते: पाणी, डास, हवा. या तिन्ही वाटांवर घरात थोडं थोडं काम करून ठेवलं की येणाऱ्या रोगाचं नाव काही का असेना, निम्मी तयारी झालेली असते.

तुमच्याकडे टँकर आहे, म्हणून पाण्यापासून सुरुवात. आरोग्य केंद्रात असताना पावसाळ्यात आमचा दिवस 'ओटी टेस्ट'ने उजाडायचा. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का बघायचं. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, नाही झालं तर टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलेलीच नाही किंवा पडून उडून गेली आहे. खेड्यातल्या जलसुरक्षकाला जे रोज करावं लागतं ते शहरातल्या सोसायटीत कोणीच करत नाही, याचं मला कायम नवल वाटतं. क्लोरीन तपासायचं साधं किट फार महाग नसतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते घ्यायला लावा आणि टँकर खाली झाल्यावर अर्ध्या तासाने टाकीतलं पाणी तपासायची जबाबदारी एका माणसावर टाका. लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे, साथ सुरू असेल तर ०.५. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो, म्हणून आधी तुरटी फिरवून निवळू द्यायचं. टीसीएल पावडरही जुनी, दमट झालेली चालत नाही, तिचा जोर गेलेला असतो.

"पण आमच्याकडे आरओ आहे," असं मला रोज कोणीतरी सांगतं. असू द्या. आरओमधला कार्बन फिल्टर पाण्यातला क्लोरीन आधीच काढून टाकतो, म्हणजे मशीनच्या टाकीत साठलेल्या पाण्याला नंतर कसलंच संरक्षण उरत नाही. फिल्टर वेळेवर बदलला नसेल आणि नळीला बुळबुळीत थर आला असेल तर घरातलं सगळ्यात विश्वासाचं पाणी तेच सगळ्यात वाईट असू शकतं. साथीच्या दिवसांत उकळणं सगळ्यात भरवशाचं. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, वीस-वीस मिनिटं गॅस जाळू नका. ते त्याच भांड्यात झाकून गार करा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्या. उकळलेलं पाणी दुसऱ्या, नुसत्या विसळलेल्या कळशीत ओतलं की केलेलं काम फुकट. दात घासायला, मुलीचं दूध कालवायला, कोशिंबीर धुवायलाही तेच पाणी. चिकन घरी आणत असाल तर त्याची सुरी आणि पाट वेगळा ठेवा, कारण जीबीएसच्या काही रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू कच्च्या कोंबडीतूनही येतो.

कावीळ मात्र फसवी असते. २०१२ मध्ये इचलकरंजीत हेपटायटिस ई पसरली तेव्हा जे झालं ते सगळीकडे होतं. दूषित पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला काही आठवडे जातात, त्यामुळे पाइप दुरुस्त झाल्यावरही बराच काळ नवे रुग्ण निघत राहतात. "दुरुस्ती झाली, आता उकळायला नको" ही घाई करू नका. घरात कोणी गरोदर असेल तर मुळीच नको, कारण गरोदरपणात हा आजार जिवावर बेततो.

आता ओआरएस. घरात दहा पाकिटं ठेवा आणि 'जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे' असं लिहिलेलीच घ्या. दुकानात फळांच्या चवीची, गोड, तशाच नावाने विकली जाणारी पेयं बरीच वर्षं मिळायची. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला मनाई केली. जास्त साखरेने जुलाब वाढतात, आणि आई मात्र समजत असते की मी बाळाला ओआरएस पाजतेय. मोठं पाकीट एक लिटरचं असतं. ते पूर्ण, एका लिटर पाण्यातच कालवायचं. "एक चमचा पेल्यात टाकला" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पाकिटाबरोबर लिटरची बाटली दाखवायला सांगते. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्या. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना हेच मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं, पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते, आणि मृत्यूंचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आलं. तुमच्या मुलीला जुलाब लागले तर डॉक्टर झिंकही देतील, दिवसाला २० मिलिग्रॅम. ते जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. भाताची पेज, ताक, मऊ भात चालू ठेवा. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवणं ही जुनी चूक आहे. सासऱ्यांच्या बाबतीत मात्र जुलाब-उलट्या सुरू होताच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, कारण मधुमेहाच्या आणि बीपीच्या काही गोळ्या अंगातलं पाणी कमी झालेलं असताना थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते आजच विचारून त्यांच्या चिठ्ठीवर लिहून घ्या.

जुलाब बरे झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत पायांत मुंग्या आल्या, जिना चढताना पाय उचलेना, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे अशा पेशंटला हात लावायला घाबरायचं कारण नाही.

डासांचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पाणी नुसतं ओतून चालत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. काथ्याने घासावं लागतं. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचं टाकीचं फुटकं झाकण, एवढं बघा. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे मुलीला दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी.

हवेच्या वाटेवर मात्र घराचा नकाशा लागतो. कागद घ्या आणि ठरवा: आजारी माणूस कोणत्या खोलीत जाईल? ज्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आणि शक्य तर जोडलेलं स्वच्छतागृह आहे, तिथे. त्या खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, आणि खिडकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून लावायचा, म्हणजे खोलीतली हवा घरात न येता बाहेर जाते. एसी बंद, तो तीच हवा फिरवत बसतो. सध्या ती खोली सासू-सासऱ्यांची असेल तर त्यांनी कुठे झोपायचं तेही आत्ताच ठरवा. रात्री अकराला, ताप आलेला असताना, म्हाताऱ्या माणसाला गादी उचलायला सांगणं अवघड जातं. स्वच्छतागृह एकच असेल तर आजारी माणसाने शेवटी जायचं, आणि नंतर अर्धा तास खिडकी उघडी ठेवायची. भांडी वेगळी करण्याचा बाऊ नको. साबणाने नीट घासलेली थाळी कोणालाही चालते.

आपल्याकडे पूर्वी देवी-गोवराच्या घराला दारावर कडुनिंबाचा डहाळा लावत. त्याने रोग जात नव्हता, पण आल्या-गेल्याला न बोलता कळायचं की इथे आत्ता शिरायचं नाही. हल्ली ते सांगायला आपण लाजतो. शेजाऱ्यांना, घरकामाला येणाऱ्या मावशींना आणि मुलांच्या शाळेला पहिल्या दिवशी सांगा, आणि मावशींचा त्या दिवसांचा पगार कापू नका, नाहीतर त्या ताप अंगावर काढून दुसऱ्या घरी कामाला जातील.

मास्क: झडप नसलेले एन-९५, पंधरा-वीस. चष्मा लावून श्वास सोडा. काच धुरकट झाली तर वरून हवा निसटतेय, नाकावरची पट्टी दाबा. तीन वर्षांच्या मुलीला मास्क टिकणार नाही, तिला दूरच ठेवायचं. सॅनिटायझर प्रवासाला ठीक, पण उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच. ब्लीचने फरशी पुसताना त्यात संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि ठसका लागून दवाखान्यात यावं लागतं. २०२० मध्ये अशी माणसं मी पाहिली आहेत, कोरोना नसलेली.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं ते. २०२१ च्या एप्रिलमध्ये आम्ही नवरा-बायको एकाच संध्याकाळी तापलो. घरात दोन डॉक्टर, औषधांचं कपाट भरलेलं. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांच्या गोळ्या कोणत्या ते फक्त मला माहीत. शेजारच्या मुलाने दारातून विचारलं, "काकू, आजींची सकाळची गोळी कुठली?" तापाच्या भरात मी सांगितली ती संध्याकाळची. सासूबाईंनीच ओळखलं, "ही पिवळी सकाळची नव्हे गं," म्हणून निभावलं. त्या दिवसापासून पेशंटना मी पहिला प्रश्न हाच विचारते: तुम्ही आडव्या झालात तर तुमच्या डोक्यात जे आहे ते कोणाला माहीत आहे?

म्हणून आजारी माणसाजवळ कोण बसणार ते आधी ठरवा. एकच माणूस, धडधाकट. आपल्याकडे हे काम न विचारता घरातल्या बाईकडे जातं, आणि दोघं नोकरीला म्हणून बहुतेकदा सासूबाईंकडे. ज्या वयाला सगळ्यात जास्त धोका त्यांनाच आपण उशाशी बसवतो. हे तुमच्या घरी होऊ देऊ नका. तुमच्यापैकी एकाने पेशंट सांभाळायचा, दुसऱ्याने मुलं आणि म्हातारी माणसं, आणि त्या काळात दोघांनी अदलाबदल करायची नाही. सिलिंडरची चौकशी करणाऱ्या तुमच्या 'ह्यां'ना कुकर लावता येतो का, मुलीला कोणत्या कपात दूध लागतं आणि वडिलांची इन्सुलिनची सुई किती युनिटची (घेत असतील तर) हे ठाऊक आहे का, ते या रविवारी बघा. आणि दोघंही आडवे झालात तर तिसरं कोण? बहीण, भाऊ, मजल्यावरचं कोणी, त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा, आणि त्यांच्यासाठी तुम्ही कराल हेही सांगा.

मग एक वही. पहिल्या पानावर प्रत्येकाचं नाव, वजन, रक्तगट, कसली अ‍ॅलर्जी, रोजची औषधं वेळेसकट. दुसऱ्या पानावर फॅमिली डॉक्टर, जवळची दोन रुग्णालयं, १०८, विम्याचा किंवा आयुष्मान कार्डाचा क्रमांक. पुढची पानं तापाची: वेळ, ताप किती, ऑक्सिजन किती, काय प्यायलं, लघवी कधी झाली, कोणतं औषध कधी दिलं. रात्री दोनला फोन येतो, "मॅडम, ताप खूप आहे." किती? "हाताला चटका बसतोय." कधीपासून? नवरा-बायकोचं तिथेच भांडण सुरू होतं. वही असेल तर दोन मिनिटांत मला कळतं की पहाटेपर्यंत थांबता येईल की आत्ता निघायला हवं.

निघायचं कधी, तेही त्याच वहीत मोठ्या अक्षरांत लिहा, कारण त्या वेळी माणसाचं मन "अजून थोडं बघू" म्हणतं. बसल्या जागी ऑक्सिजन ९४ च्या खाली (बोट गार नाही, नखाला रंग किंवा मेंदी नाही, हे पाहून पुन्हा मोजलेला). श्वास लागून वाक्य पूर्ण होत नाही. मूल पीत नाही, सुस्त पडलंय, सहा तासांत लघवी नाही. वयस्कर माणूस असंबद्ध बोलतोय. शौचातून रक्त. आणि डेंग्यूच्या दिवसांत एक उलटी गोष्ट: ताप उतरला, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि त्याच दिवशी पोटात जोरात दुखतं, सारख्या उलट्या होतात, हिरड्यांतून रक्त येतं. डेंग्यूत धोक्याचा काळ तिसऱ्या दिवसानंतर, ताप उतरताना असतो.

तापाला घरात फक्त पॅरासिटामॉल. मुलांना किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. पण सिरप ५ मिलीमध्ये १२० चंही मिळतं आणि २५० चंही, म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून मुलीच्या वजनाला किती मिली ते विचारून बाटलीवर मार्करने लिहा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, डिस्प्रिन डेंग्यू नाही हे कळेपर्यंत नको, रक्तस्राव वाढतो. सासऱ्यांची हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारा. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड साठवून ठेवू नका. २०२१ मध्ये ऑक्सिजन चांगला असताना पहिल्याच दिवशी स्टिरॉइड सुरू केलेली मधुमेही माणसं पुढे म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) डोळा गमावून बसलेली पाहिली आहेत. रोजची औषधं मात्र महिनाभराची जादा ठेवा. इन्सुलिन फ्रिजच्या दारात, फ्रीझरजवळ नाही.

लसीचं कार्ड काढून बघा. मुलीचे गोवर-रुबेलाचे दोन डोस, नवव्या महिन्यानंतरचा आणि १६ ते २४ महिन्यांतला, झालेत का? २०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरला तेव्हा बाधितांमध्ये लस न घेतलेली मुलं मोठ्या संख्येने होती. सासू-सासऱ्यांना दरवर्षी फ्लूची, आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून.

राहता राहिला किराणा. पंधरा दिवसांचा पुरतो: तांदूळ, मूगडाळ, पोहे, गूळ, मीठ, दुधाची भुकटी, साबण, तुमचे पॅड, एक भरलेला गॅस आणि घरात थोडी रोकड. त्यापेक्षा जास्त भराल तर धायरीच्या पावसाळ्यात त्याला पोरकिडे होतील.